स्वस्तातलं सिलिंडर हेड निवडताना: एका ३५५ इंजिनाचं प्रकरण

शेव्हरोलेटचं ३५० क्युबिक इंचाचं, आठ सिलिंडरांचं स्मॉल ब्लॉक इंजिन. ब्लॉक ३० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रीबोअर केलेला, म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०३० इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) मूळचाच, ३.४८० इंच. या मापाच्या इंजिनाला सगळे '३५५' म्हणतात. पिस्टन सपाट माथ्याचे, व्हॉल्व्हच्या खाचांची जागा ५ सीसी. पिस्टन टीडीसीला (सर्वांत वरच्या टोकाला) असताना ब्लॉकच्या फेसपासून, म्हणजे हेड बसतं त्या सपाट पृष्ठभागापासून, २५ थाऊ खाली राहतो. कॅमशाफ्ट हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटचा, टॅपेट ०.०५० इंच उचललेला असताना मोजलं तर उघडा राहण्याचा काळ इनटेकला २२४ अंश, एक्झॉस्टला २३० अंश, आणि व्हॉल्व्हची सर्वांत मोठी लिफ्ट (उघडण्याची उंची) ०.४८० इंच. गाडी रस्त्यावर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, पंपावरचं पेट्रोल पिणारी. मागणी अशी की ५,८०० आरपीएमच्या आत ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद मिळावी आणि २,५०० पासून ओढ चांगली असावी. हेडसाठी (ब्लॉकवर बसणारं, व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा असलेलं झाकण) पैसा मोजका.

हा नमुना मुद्दाम निवडला आहे. स्वस्त हेडच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका नेमक्या अशाच इंजिनावर होतात, कारण या मापासाठी बाजारात पर्याय भरपूर आणि जाहिरातीतले आकडे त्याहून भरपूर.

इंजिनावर सध्या सत्तरच्या दशकातली ८८२ कास्टिंगची लोखंडी हेड आहेत. चेंबर (हेडमधली मिश्रण जळण्याची जागा) ७६ सीसी, व्हॉल्व्ह १.९४ आणि १.५० इंचांचे. हे कास्टिंग तडे जाण्याबद्दल बदनाम आहे, आणि ७६ सीसीच्या चेंबरवर या पिस्टनला कॉम्प्रेशन ८.६५ : १ च्या वर जात नाही. त्यावर पोर्टिंगची (हवेच्या वाटा घासून मोठ्या करण्याची) मेहनत करणं म्हणजे पैसे चुकीच्या जागी ओतणं. म्हणून तो पर्याय पहिल्याच फेरीत बाद. उरले तीन: कबाडातून मिळणारी व्होर्टेक हेड, नाव नसलेली पूर्ण जोडलेली ॲल्युमिनियम हेड, आणि नावाजलेल्या उत्पादकाच्या स्वस्त श्रेणीतली ॲल्युमिनियम हेड. मालकाचं मन दुसऱ्या पर्यायावर बसलेलं. त्याची माहिती अशी: इनटेक रनर (हवा आत नेणारी वाट) २०० सीसी, चेंबर ६४ सीसी, व्हॉल्व्ह २.०२ आणि १.६०, ०.६०० लिफ्टला २६० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा, स्प्रिंगसकट तयार, खोक्यातून काढा आणि बसवा.

आधी कॉम्प्रेशन, मग हवा

हेडची चर्चा नेहमी हवेच्या आकड्यापासून सुरू होते. ती चेंबरच्या सीसीपासून सुरू झाली पाहिजे, कारण चेंबर चुकला तर पोर्ट कितीही चांगलं असलं तरी इंजिन एक तर सुस्त राहतं, नाही तर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून ठोके देणं) करतं.

एका सिलिंडरचं विस्थापन ७२७.४ सीसी. पिस्टन वर असताना उरणारी जागा चार तुकड्यांची बनते: हेडचा चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टन आणि ब्लॉकच्या फेसमधली फट, आणि पिस्टनच्या खाचा. गॅस्केट दाबल्यावर ४१ थाऊ जाड आणि त्याचं भोक ४.१०० इंच असेल, तर तिथे ८.९ सीसी. २५ थाऊच्या फटीत ५.२ सीसी. खाचा ५. चेंबर ६४. एकूण ८३.१ सीसी. विस्थापनाला याने भागून एक मिळवला की ९.७५ : १. कागदावर हे अगदी मनासारखं दिसतं, आणि इथेच बरेच जण हिशेब थांबवतात.

पण क्वेंचची फट, म्हणजे पिस्टनचा माथा आणि हेडचा सपाट भाग यांच्यातलं अंतर, पाहा. २५ आणि ४१ मिळून ६६ थाऊ. चेंबरचा सपाट भाग आणि पिस्टनचा माथा जवळ आले की मिश्रण तिथून जोरात स्पार्क प्लगच्या दिशेला ढकललं जातं, जळणं वेगाने होतं आणि कोपऱ्यात आपोआप पेटायला मिश्रण उरत नाही. हे घडायला फट साधारण ३५ ते ४५ थाऊ हवी. ६६ थाऊवर तो फायदा जवळजवळ संपतो. म्हणजे आकडा ९.७५ असला, तरी हे इंजिन घट्ट क्वेंचच्या १०.० : १ इंजिनापेक्षा नॉकिंगला जास्त हळवं निघू शकतं. कॉम्प्रेशन कमी ठेवलं म्हणजे सुरक्षित झालो, ही समजूत इथे फसते.

पातळ गॅस्केट हा सोपा उपाय वाटतो. १५ थाऊचं स्टील शिम गॅस्केट लोखंडी हेडवर चालतं, ॲल्युमिनियमवर नाही. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे दर वेळी इंजिन तापताना हेड गॅस्केटवर सरकतं आणि शिमची कड मऊ धातूत रुतते. २८ थाऊचं कॉम्पोझिट गॅस्केट वापरलं तर फट ५३ थाऊ आणि कॉम्प्रेशन १०.०६. बरं, पण पुरेसं नाही.

या प्रकरणात योग्य रस्ता ब्लॉकचा फेस २० थाऊ मारण्याचा (तासून कमी करण्याचा) आहे. मग पिस्टन फक्त ५ थाऊ खाली राहतो, ४१ थाऊच्या नेहमीच्या गॅस्केटवर क्वेंच ४६ थाऊ होते आणि ६४ सीसीच्या चेंबरवर कॉम्प्रेशन १०.२ येतं. ७० सीसीचा चेंबर घेतला तर ९.६. ॲल्युमिनियम हेड उष्णता लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे लोखंडापेक्षा साधारण अर्धा आकडा जास्त कॉम्प्रेशन सहन करतं. म्हणून ॲल्युमिनियम असेल तर ६४, लोखंड असेल आणि पेट्रोलची खात्री नसेल तर ७० सीसीच्या आसपासचा चेंबर शोधायचा. ब्लॉक उघडा पडलेला असताना फेस मारण्याचं काम फार मोठं नसतं. मोजक्या पैशात काय आधी करायचं असं विचारलं, तर उत्तर हेच: हेडच्या दोन श्रेणींमधल्या फरकापेक्षा या एका कामाने इंजिन जास्त सुधारतं.

२०० सीसी कुणासाठी

आता पोर्ट. रनरचं सीसी हे मोठेपणाचं माप आहे, चांगुलपणाचं नाही. हवेचा वेग ठरतो पोर्टच्या सर्वांत अरुंद जागेवर, आणि स्मॉल ब्लॉकमध्ये ती जागा पुशरॉडच्या शेजारी असते. तिथे किती क्षेत्रफळ हवं याचा एक जुना, भरवशाचा हिशेब आहे: बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम गुणिले ०.००३५३, भागिले ६१३.८. ६१३.८ म्हणजे सेकंदाला तेवढे फूट, हा हवेचा वरचा वेग धरलेला. आपल्या इंजिनाचे आकडे ५,८०० आरपीएमवर घातले की १.८९ चौरस इंच येतात.

रनरची लांबी ५.२ इंच धरली, तर १८५ सीसीच्या रनरचं सरासरी क्षेत्रफळ २.१७ चौरस इंच निघतं, २०० सीसीचं २.३५, २२० सीसीचं २.५८. सरासरीपेक्षा अरुंद जागा कमी असणारच. म्हणजे १८० ते १९० सीसीचा रनर या इंजिनाला नेमका बसतो. २०० सीसीने इंजिन मरत नाही, पण २,५०० आरपीएमला हवा सुस्तावते, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जड गाडीत तोच भाग रोज वापरला जातो. ३८३ क्युबिक इंचाचं इंजिन असतं किंवा ६,५०० पर्यंत फिरवायचं असतं, तर २०० सीसीला हरकत नव्हती. २२० सीसी या मापाला घालूच नये.

किती सीएफएम हवेत? २८ इंच पाण्याच्या दाबावर मोजलेला प्रवाह गुणिले ०.२५७ गुणिले सिलिंडरची संख्या, ही हॉर्सपॉवरची वरची मर्यादा. ४०० साठी ती उलटी फिरवली की १९५ सीएफएम. पण ही मर्यादा सगळं काही अचूक जुळलेल्या शर्यतीच्या इंजिनाची आहे. रस्त्यावरच्या इंजिनाला वीस टक्के वाढवून २३० ते २४० धरावेत, आणि तेही आपल्या कॅमच्या लिफ्टवर. मालकाच्या हेडचे २६० सीएफएम ०.६०० वर आहेत. आपला व्हॉल्व्ह ०.४८० च्या पुढे कधीच उघडणार नाही. तो आकडा या इंजिनासाठी छापलेलाच नाही.

प्रवाहाचा तक्ता वाचताना ०.२०० ते ०.४०० या लिफ्टच्या ओळी पाहाव्यात. व्हॉल्व्ह उघडताना आणि बंद होताना, असा दोनदा या टप्प्यातून जातो. टोकावर क्षणभरच असतो. दोन हेडमध्ये एकाचा टोकाचा आकडा मोठा आणि दुसऱ्याचा ०.३०० चा मोठा असेल, तर इथे दुसरं घ्यायचं. शिवाय मोजणी कशी झाली हे विचारायचं. १० इंच पाण्यावरचे आकडे २८ वर आणायला १.६७ ने गुणावं लागतं. ४.१२५ इंचाच्या बोअरवर मोजलेलं हेड ४.०३० वर तेवढी हवा देत नाही, कारण सिलिंडरची भिंत व्हॉल्व्हच्या जवळ येते. एक्झॉस्टला पाइप लावून मोजलं की आकडा फुगतो. ज्या विक्रेत्याच्या तक्त्यात दाब आणि बोअर लिहिलेले नाहीत, त्याचा तक्ता निर्णयात धरू नये.

व्होर्टेकचा विचार प्रामाणिकपणे

१९९६ पासूनच्या जनरल मोटर्सच्या ट्रकांवर आलेली एल३१ व्होर्टेक लोखंडी हेड, कास्टिंग क्रमांकाच्या शेवटी ९०६ किंवा ०६२. चेंबर ६४ सीसी, रनर १७० सीसी, व्हॉल्व्ह १.९४ आणि १.५०. मधल्या लिफ्टवर हे पोर्ट फारच चांगलं चालतं, आणि कारखान्यातून आलेल्या लोखंडी हेडमध्ये स्मॉल ब्लॉकला याहून चांगलं काही मिळत नाही. कमी लिफ्टचा कॅम असता तर शोध इथेच थांबला असता.

अडचण ०.४८० लिफ्टची आहे. मूळ व्होर्टेकमध्ये साधारण ०.४६० च्या पुढे रिटेनर (स्प्रिंगची वरची वाटी) गाईडच्या (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) सीलवर आपटायला लागतो. म्हणजे गाईडचं टोक तासून घ्यायचं, मग स्प्रिंग बदलायच्या. मॅनिफोल्डही बदलतो: जुन्या हेडला इनटेक बारा बोल्टांनी बसतो, व्होर्टेकला आठ, तेही वेगळ्या कोनात. रॉकर स्वतःच व्हॉल्व्हवर सरळ राहणारे लागतात, कारण गाईड प्लेट (पुशरॉडला सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या) नसतात. ट्रकात तापून निघालेल्या हेडला एक्झॉस्ट सीटजवळ (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) तडे असू शकतात, म्हणून मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधण्याची) तपासणी झाल्याशिवाय एक पैसाही त्यावर खर्च करायचा नाही. हे सगळं मिळून हिशेब ॲल्युमिनियमच्या जवळ जातो, आणि मालकाकडे बारा बोल्टांचा चांगला मॅनिफोल्ड आधीच आहे. म्हणून व्होर्टेक बाजूला.

बिननावाची जोडी टेबलावर

मालकाने मागवलेली जोडी परत करण्याच्या मुदतीत होती, म्हणून ती इंजिनावर चढण्याआधी पूर्ण उघडायची ठरली. 'तयार जोडलेलं' हेड न उघडता बसवायचं नाही, नाव कुणाचंही असो. उघडण्याचा क्रम असा: प्रत्येक व्हॉल्व्हला त्याचा क्रमांक, स्प्रिंगा काढण्याआधी बसवलेली उंची मोजून लिहायची, मग व्हॉल्व्ह बाहेर, मग धुलाई, मग मोजमाप. धुलाईच्या पाण्यातून पाण्याच्या वाटांमधली वाळू आणि स्टडच्या भोकांमधला ॲल्युमिनियमचा कीस निघाला. अशा हेडमध्ये हे नेहमीचं आहे, आणि न धुता बसवलेल्या हेडमधला तो कीस पहिल्या तासात बेअरिंगपर्यंत पोचतो.

चेंबर मोजायला १०० सीसीची ब्युरेट, चेंबरवर ग्रीस लावून चिकटवलेली भोक असलेली ॲक्रिलिक पट्टी, आणि रंगवलेलं पाणी किंवा स्पिरिट पुरतं. ६४ सीसी छापलेल्या या हेडचे आठ चेंबर ६६ ते ६७.५ निघाले. दीड सीसीच्या फरकाने सिलिंडरागणिक कॉम्प्रेशन साधारण ०.१६ ने बदलतं. तो फार मोठा दोष नाही, पण हिशेब ६४ वर करून बसलेल्याला मात्र ०.२ ते ०.४ आकडा कॉम्प्रेशन कुठे गेलं ते कळत नाही. चेंबर कमी करायला हेडचा फेस मारता येतो; या चेंबरला एक सीसी कमी करायला साधारण ६ थाऊ लागतात. ३० थाऊच्या पुढे गेलात की इनटेकचा फेसही मारावा लागतो, नाही तर मॅनिफोल्डचे बोल्ट आणि पोर्ट जुळत नाहीत.

गाईडमधली मोकळीक इनटेकला १ ते २.५ थाऊ, एक्झॉस्टला १.५ ते ३ थाऊ असावी. एक्झॉस्टच्या दोन गाईडमध्ये ती ४.५ थाऊ होती. तिथे व्हॉल्व्ह दर वेळी सीटवर जरा वेगळ्या जागी बसतो, उष्णता गाईडमधून नीट जात नाही, सील लवकर गळतं आणि धूर दिसतो. सीटची गोलाई पायलट घालून डायल गेजने पाहिली: २ थाऊच्या आत हवी, तीन सीट ५ थाऊपर्यंत बाहेर. व्हॉल्व्ह परत घालून हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओतलं, तर त्याच तीन जागी पोर्टमध्ये ओल आली. इथे लॅपिंगची पेस्ट लावून घासत बसणारे बरेच भेटतात. लॅपिंगने ओल थांबते, पण सीटचं केंद्र गाईडच्या केंद्रावर येत नाही. गाईड आधी, सीट नंतर. हा क्रम उलटा करता येत नाही.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट स्प्रिंगमध्ये सापडली. स्प्रिंग टेस्टरवर १.७८० इंच उंचीला १०० पौंड, आणि दर इंचाला ३३० पौंडांची वाढ. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटच्या या कॅमला बंद असताना ११० ते १२० पौंड हवेत. मग ४५ थाऊचे शिम (स्प्रिंगखाली घालायच्या पातळ चकत्या) घातले तर? बंदचा दाब ११५ वर येतो, उघड्याचा २७३. दोन्ही आकडे बरोबर. पण ही स्प्रिंग १.२२० इंचांवर पूर्ण मिटते, वेटोळं वेटोळ्याला टेकतं. शिम घातल्यावर बसवलेली उंची १.७३५, त्यातून ०.४८० वजा केले की १.२५५. मिटायला ३५ थाऊ उरले. किमान ६० हवेत. एवढ्या कमी अंतरावर स्प्रिंग वेगात थरथरली की वेटोळी आपटतात, आणि मग पुशरॉड वाकणं किंवा कॅमचा लोब खाल्ला जाणं ही वेळेची गोष्ट राहते. म्हणजे शिमने दाब सुधारतो आणि स्प्रिंग बिघडते. उपाय एकच, दुसरी स्प्रिंग.

शिवाय बसवलेली उंची सगळीकडे सारखी नव्हती. १.७८० ते १.८२०. ४० थाऊच्या फरकाने बंदचा दाब १३ पौंडांनी बदलतो. काही व्हॉल्व्ह ५,२०० लाच तरंगायला लागले असते आणि मालकाने कार्ब्युरेटरला दोष दिला असता.

धातूचाही प्रश्न होता. चांगली ॲल्युमिनियम हेड ए३५६ मिश्रधातूची असतात आणि त्यांना टी६ उष्णता-प्रक्रिया दिलेली असते. या जोडीच्या कागदांवर मिश्रधातूचं नावच नव्हतं. मऊ राहिलेल्या हेडमध्ये बोल्टाखालचा भाग दबतो, टॉर्क सुटतो आणि गॅस्केट जातं. प्लगचे आटे दोन-तीन वेळा प्लग काढल्यावर निघतात. हार्डनेस तपासण्याची सोय असेल तर तपासून घ्यावं. नसेल, तर मिश्रधातू लेखी न सांगणाऱ्याकडून हेड घेऊ नये.

या जोडीला वापरण्याजोगं करायला लागणारं काम असं होतं: खराब गाईडना नव्या कांस्य बुशिंगा, बाकीच्यांना होनिंग, सोळाही सीटचं तीन कोनांचं काम, स्प्रिंग, रिटेनर आणि लॉक नवे, सीलचा नवा संच, फेसला हलकी मार, पूर्ण धुलाई. मूळ किमतीत हे मिळवल्यावर ती नावाजलेल्या उत्पादकाच्या स्वस्त श्रेणीच्या पुढे गेली, आणि पोर्ट तरीही २०० सीसीचंच राहिलं. जोडी परत गेली.

तरीही अशा हेडना सरसकट वाईट म्हणणं चुकीचं ठरेल. ज्याच्याकडे स्वतःचं सीट मशीन आणि गाईड होन आहे, त्याने तीच जोडी उघड्या कास्टिंगच्या भावात, व्हॉल्व्ह-स्प्रिंगशिवाय घेतली असती तर सौदा वाईट नव्हता. फसगत होते ती 'तयार' या शब्दासाठी पैसे देताना.

निवड

शेवटी घेतलं ते १८५ सीसी रनर, ६४ सीसी चेंबर, २.०२ आणि १.६० व्हॉल्व्हचं, २३ अंशांच्या मूळ व्हॉल्व्ह-कोनाचं, ए३५६-टी६ धातूचं हेड. उत्पादक असा की ज्याची गाईड, सीट आणि व्हॉल्व्ह सुटे मिळतात. प्रवाहाचा तक्ता २८ इंचांवर, बोअरचं माप लिहून दिलेला. व्हॉल्व्ह बसवलेले पण स्प्रिंगशिवाय असं घेता आलं तर उत्तम. मग कॅमच्या उत्पादकाने सांगितलेली स्प्रिंग पहिल्यापासून घालता येते आणि दोनदा पैसे जात नाहीत. इथे तसंच केलं. चेंबर मोजल्यावर ६६ भरले. ५ थाऊच्या फटीसह आणि ४१ थाऊच्या गॅस्केटवर कॉम्प्रेशन १०.० : १, क्वेंच ४६ थाऊ. फेस आणखी मारायची गरज उरली नाही.

मागवण्याआधी चार लहान गोष्टी पाहिल्या, ज्या विसरल्या की काम आठवडाभर अडकतं. व्हॉल्व्ह कव्हर कडेच्या बोल्टांचं की मधल्या बोल्टांचं. १९८७ पासून मधले बोल्ट आले. हेडच्या टोकाला अल्टरनेटरच्या ब्रॅकेटची भोकं आहेत का. प्लग सरळ की तिरका. तिरका प्लग काही हेडरच्या पाइपावर येतो. आणि चोकला लागणारी एक्झॉस्टची उष्णता हेडमधून येते की नाही. येत नसेल तर इलेक्ट्रिक चोक. (ब्लॉक ४०० क्युबिक इंचाचा असता तर हेडला वाफेची भोकंही पाडावी लागली असती. ३५० ला ती लागत नाहीत.)

बसवताना

पिस्टनवर मळलेली माती ठेवून, हेड हलकं आवळून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. त्या वेळी हायड्रॉलिक टॅपेटऐवजी तात्पुरते घट्ट टॅपेट घालावेत, नाही तर टॅपेट दबतो आणि खोटं माप मिळतं. माती कापून जाडी मोजायची: इनटेकला किमान ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पिस्टन त्याचा पाठलाग करत येतो.

पुशरॉडची लांबी जुनीच चालेल असं धरायचं नाही. हेड बदललं की व्हॉल्व्हची लांबी, स्टडची जागा आणि फेस मारलेला असल्यास ब्लॉकची उंचीही बदलते. लांबी बदलता येणारा तपासणी पुशरॉड घालून, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करचा रंग लावून इंजिन फिरवलं की रॉकरने पुसलेली पट्टी दिसते. ती अरुंद आणि मध्याच्या जवळ हवी. रुंद आणि एका कडेला असेल तर गाईड एका बाजूने झिजणार. या हेडला गाईड प्लेट आहेत, म्हणून पुशरॉड कडक केलेलेच हवेत. मऊ पुशरॉड प्लेटवर घासून त्याचा चुरा तेलात जातो. आणि गाईड प्लेट असताना स्वतः सरळ राहणारे रॉकर घालायचे नाहीत. दोघं मिळून व्हॉल्व्हला दोन दिशांना ओढतात.

स्मॉल ब्लॉकच्या प्रत्येक हेडला सतरा बोल्ट. त्यांची भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लागतंच. ते विसरलं की दुसऱ्या दिवशी बोल्टाच्या डोक्याशी कूलंट दिसतं. ॲल्युमिनियमवर प्रत्येक बोल्टाखाली कडक वॉशर, वॉशर आणि डोक्यामध्ये तेलाचा थेंब. मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा ६५ फूट-पौंड. हेडच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर त्याचाच धरायचा.

प्लगचीही गल्लत होते. जुन्या लोखंडी हेडचे प्लग निमुळत्या बैठकीचे आणि कमी लांबीचे असतात. ॲल्युमिनियम हेडला बहुधा वॉशरवाले, पाऊण इंच आट्यांचे लागतात. जुने प्लग घातले तर ते चेंबरपर्यंत पोचत नाहीत, उघड्या आट्यांवर कार्बन साचतो आणि पुढे योग्य प्लग घातला तर तो काढताना आटे घेऊनच बाहेर येतो. आट्यांना अँटी-सीझ अगदी थोडं, आणि प्लग कधीही गरम हेडमधून काढायचा नाही.

फ्लॅट टॅपेटच्या कॅमचा ब्रेक-इन हा वेगळा विषय आहे, पण हेडशी त्याचा एक धागा जुळतो. दुहेरी स्प्रिंग असेल तर ब्रेक-इनपुरती आतली स्प्रिंग काढून ठेवावी. इंजिन सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर २० ते ३० मिनिटं, कमी-जास्त करत, झिंक असलेल्या तेलावर. आयडलला सोडायचं नाही, कारण टॅपेटवर तेल क्रँकच्या उडवण्याने येतं. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदलायचे, आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहायच्या. चुंबकाला चिकटणारा कण असेल तर कॅम किंवा टॅपेट. न चिकटणारा, चकचकीत पांढरा असेल तर धुलाईत राहून गेलेला हेडचा कीस किंवा बेअरिंगचा थर. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, गॅस्केटच्या उत्पादकाने सांगितलं असेल तरच बोल्ट पुन्हा आवळायचे, एका वेळी एक, पाव फेरा सैल करून मग टॉर्कवर. आतली स्प्रिंग परत घालताना सोळाही जागांची बसवलेली उंची पुन्हा मोजायची, आणि आता ती एकमेकांपासून ५ थाऊच्या आत हवी.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर रॉकरची प्रीलोड (टॅपेटवर आधीच ठेवलेला हलका दाब) तपासताना एखादा व्हॉल्व्ह सोडून बाकीचे जसेच्या तसे असतील आणि त्या एकाची सैल झाली असेल, तर नुसता नट आवळून पुढे जायचं नाही. आधी स्टड आणि लॉक पाहायचे, मग पुशरॉड काढून कॅमच्या त्या लोबची लिफ्ट डायल गेजने मोजायची. लिफ्ट कमी भरली तर लोब जातो आहे, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा त्या जागच्या स्प्रिंगमध्येच सापडतं.